विमानतळाचा विकास आणि शासकीय अनुदान

जालना जिल्ह्यातील प्रवाशास विमान गाठावयाचे असल्यास छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ हाच सोयीचा. तो जालना मार्गालगतच आहे. त्याची धावपट्टी वाढविण्याची मागणी मराठवाड्यात सातत्याने होत आली आहे. अशा कामासाठी निधी कसा उभा राहतो, याविषयी मात्र पुष्कळ गैरसमज आढळतात.

हा निधी एकरकमी मिळत नाही. सर्वसाधारणपणे जमीन राज्य शासनाने संपादित करून द्यावयाची आणि बांधकाम भारतीय विमानतळ प्राधिकरणाने करावयाचे, अशी विभागणी असते. भूसंपादन रखडले की मंजूर कामही कागदावरच राहते. मोजणी, सातबारा उतारे, मोबदला ही कामे तर गाव व तालुका पातळीवरचीच.

ऑक्टोबर 2016 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत आणखी एक तरतूद आहे. सवलतीच्या आसनांमुळे विमान कंपनीस येणारी तूट तीन वर्षांपर्यंत अनुदानाने भरून काढली जाते व महाराष्ट्रासारख्या राज्यांना तिचा 20 टक्के भार उचलावा लागतो. नांदेड-हैदराबाद सेवा 27 एप्रिल 2017 रोजी याच योजनेखाली सुरू झाली. पुढे नांदेडची विमानसेवा काही काळ बंद पडली. 2024 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. तेव्हा आराखडा करताना प्रवासीसंख्येचा अंदाज थोडा हात राखूनच धरलेला बरा.

ग्रामपंचायतींचाही यात भाग आहे. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या परिघात पक्षी जमतील अशा रीतीने कचरा टाकण्यास विमान नियम, 1937 अन्वये मनाई आहे. परिसरातील उंच बांधकामांनाही प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते.