राजवाडा ते माणिकबाग

इंदूरहून परतलेला माणूस बोलतो ते सराफ्याबद्दल. दिवसभर सोन्याचांदीचा व्यवहार चालणाऱ्या गल्लीत रात्री दुकानं मिटली की गराडू, भुट्ट्याचा कीस आणि दहीवडे मिळू लागतात, हे आहेच तसं सांगण्यासारखं. पण त्याआधीचा अख्खा दिवस होळकरांच्या राजधानीला द्यायला हवा.

अहिल्याबाईंचा पुतळा राजवाड्यासमोर असल्यामुळे त्यांनी इथूनच राज्य केलं, असं अनेकांना वाटतं. त्यांचा कारभार चालला महेश्वरहून. इंदूर राजधानी झालं ते महिदपूरला होळकरांचा इंग्रजांकडून पराभव झाल्यानंतर, 1818 च्या मंदसोर तहापाठोपाठ. राजवाडा मात्र त्याहून जुना, मल्हाररावांच्या काळातला. सात मजल्यांच्या दर्शनी भागाचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. एकाच भिंतीवर नजर वर नेत गेलं की पाषाण संपून सागवानी झरोके कुठे सुरू होतात ते स्पष्ट दिसतं. या लाकडानंच वाड्याचा घात केला. 1801 मध्ये शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं तेव्हा तो जळला, 1984 च्या दंगलीत पुन्हा जळला. आतला बराचसा भाग अलीकडे नव्यानं उभारलेला आहे.

जवळच कान्ह नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. शेठ हुकूमचंदांचं काचमंदिरही फार लांब नाही. पण दिवसाचा मोठा वाटा राखून ठेवावा तो बापलेकांच्या दोन महालांसाठी.

लालबाग 1886 ते 1921 या काळात बांधली गेली. तुकोजीराव तिसऱ्यांच्या काळात ती पुरी झाली. संगमरवरी खांब, झुंबरं, रंगवलेली छतं, आणि बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर इंग्लंडात ओतवून आणलेलं फाटक. हा थाट साहेबाला दिपवण्यासाठी होता. मुलगा यशवंतराव दुसरे यांनी त्यातलं काहीच घेतलं नाही. ऑक्सफर्डला ओळख झालेल्या एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराकडून त्यांनी 1930 च्या सुमारास माणिकबाग उभारून घेतली. सरळ रेषा, काच, धातू. महाराजांचा पलंगसुद्धा काच आणि धातूचा! शिल्पकार ब्रांकुशीची 'अवकाशातला पक्षी' ही शिल्पं त्यांनी विकत घेतली आणि त्यांच्यासाठी मंदिर बांधायचंही ठरवलं. ते झालं नाही. पुढे 1980 मध्ये माणिकबागेतल्या फर्निचरचा मोनाकोत लिलाव झाला.

दोन्ही महालांत जेमतेम दहा वर्षांचं अंतर. मराठी संस्थानिकांच्या अभिरुचीनं एका पिढीत एवढी मोठी झेप घेतल्याचं दुसरं उदाहरण सहज सापडत नाही. 1917 चं मराठी साहित्य संमेलन ज्या शहरात भरलं, त्याची ही बाजू मराठी वाचकाला ठाऊकच नाही, याची खंत वाटते.

लालबागेत आज संग्रहालय आहे, माणिकबागेत केंद्रीय करविभागाचं कार्यालय. कार्यालय तिथं राहो. पण मुथेसियसनं काढवून घेतलेली त्या दालनांची छायाचित्रं उपलब्ध आहेत. ती तिथंच एखाद्या खोलीत मांडावीत आणि आठवड्यातून एक दिवस तरी लोकांना आत सोडावं.