आर ८० : रोग नव्हे, फक्त खूण!

"शी! लघवीवर लेख?" असं म्हणून पान उलटू नका, मित्रांनो! आपल्यातले बरेच जण उद्या आयटीत जाणार, आणि त्यातल्या काहींच्या नशिबी हेल्थकेअर प्रोजेक्ट येणारच. अमेरिकेतल्या हॉस्पिटल्सचं मेडिकल कोडिंग पुण्या-मुंबईत बसून चालतं. माझी मावसबहीण हेच काम करते. तिचं डोकं खाऊन जे समजलं ते इथे मांडते आहे. (मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा इंग्रजी शब्द जरा जास्त येतील, सांभाळून घ्या!)

कोडिंग म्हणजे प्रोग्रॅमिंग नव्हे हं! जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी नावाची यादी आहे. तिच्यात प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि काही आकडे दिलेले असतात. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अमेरिकेने तिचं स्वतःचं वाढवलेलं रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरायला घेतलं.

यातलं 'आर' अक्षराचं प्रकरण मला फार आवडलं. का? कारण तिथे आजार नाहीतच! तिथे आहेत लक्षणं आणि बिघडलेले रिपोर्ट. लघवीत प्रोटीन सापडलं तर आर ८०, साखर सापडली तर आर ८१ आणि बाकीचं बरंच काही आर ८२ मध्ये. उदाहरणार्थ, कीटोन म्हणजे आर ८२.४. अमेरिकन यादीत पस सेल्सना आर ८२.८१ आहे.

आता गंमत बघा. प्रोटीन सापडलं म्हणजे किडनी बिघडलीच का? नाही! ताप, जोरदार व्यायाम, अंगातलं पाणी कमी होणं, यांनीसुद्धा ते थोडे दिवस दिसू शकतं. नवरात्रात कडक उपवास केलात तर कीटोन येऊ शकतात. आमच्या आजोबांच्या रिपोर्टवर 'प्रोटीन १+' आलं, तेव्हा घरात नुसती रडारड. १+ म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. डॉक्टर म्हणाले, "ताप उतरू दे, मग परत तपासू." परत तपासलं तर प्रोटीन निल!

कोडरचा नियमही हाच आहे, फक्त तो लिहून ठेवलेला आहे. ओपीडीतल्या डॉक्टरने "बहुतेक मूत्रमार्गाचा संसर्ग असावा" असं लिहिलं, तर अमेरिकेत संसर्गाचा एन ३९.० हा कोड लावता येत नाही. जे नक्की आहे तेवढंच लावायचं : जळजळ असेल तर तिचा आर ३०.०, डॉक्टरने पस सेल्सची नोंद केली असेल तर त्यांचा. नुसता लॅबचा आकडा बघून कोडरने स्वतः निदान करायचं नाही. याउलट डॉक्टरने "डायबेटिसमुळे किडनीचा विकार" असं स्पष्ट लिहिलं, तर ई ११.२१ लागतो आणि आर ८० ची गरज उरत नाही. गरोदरपणातल्या प्रोटीनला तर वेगळाच कोड आहे, ओ १२.१ च्या खाली. थोडक्यात, आपलं इफ-एल्स!

एवढा काथ्याकूट कशासाठी? कारण कोड एकदा रेकॉर्डवर चढला की माणसाला चिकटतो. विमा कंपनी त्यावरूनच क्लेम बघते, पुढचा डॉक्टरही तेच वाचतो. नुसत्या साखरेच्या रिपोर्टवरून कुणी ई ११ टाकला, तर त्या माणसावर डायबेटिसचा शिक्का बसला! आणि हल्ली डायबेटिसची काही औषधं तर मुद्दामच लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हार्टफेलचे पेशंटही ती घेतात, डायबेटिस नसताना!

म्हणून भावी इंजिनिअर्सनो, एक विनंती. उद्या हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर कराल तेव्हा 'निदान' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असा फॉर्म बनवू नका. 'अजून माहीत नाही' हेसुद्धा प्रामाणिक उत्तर असतं. डॉक्टरी जगाने त्यासाठी अख्खं अक्षर राखून ठेवलंय, आपण निदान एक चेकबॉक्स तरी ठेवूया!