परसातलं घर : परवानगी होती, अटीही होत्या
शहर कोण आखतं? : लेखांक ६

१९८७ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या बातमीदारांनी गॅरेजं मोजायला घेतली. गाड्या उभ्या असलेली नव्हेत, संसार थाटलेली. लॉस एंजेलिस काउंटीत अशा सुमारे ४२ हजार गॅरेजांमध्ये मिळून दोनेक लाख माणसं राहत असावीत, असा त्यांचा अंदाज निघाला. अनेक ठिकाणी नळ नाही, खिडकी नाही, थंडीत ऊब नाही. आणि कागदोपत्री तिथे कोणीच राहत नव्हतं.

ही माणसं बेकायदा का ठरली, याचं उत्तर मागच्या लेखात अर्धं येऊन गेलं आहे. ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगला, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरवण्याला, मान्यता दिली आणि स्वतंत्र घरांच्या वस्तीत अपार्टमेंट शिरू न देण्याचा गावाचा अधिकार उचलून धरला. त्यानंतर देशभर ‘एक प्लॉट, एक घर, एक कुटुंब’ हा साचा पसरला. २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नकाशे मांडले, तेव्हा लॉस एंजेलिसमधली राहण्यासाठी राखलेली सुमारे ७५ टक्के जमीन आणि सॅन होजेमधली ९४ टक्के जमीन याच साच्यात अडकलेली दिसली.

प्लॉट काही लहान नसतात. लॉस एंजेलिसच्या जुन्या वस्तीतला नेहमीचा प्लॉट पन्नास फूट रुंद आणि दीडशे फूट खोल, म्हणजे जवळपास सात गुंठे. पुढे हिरवळ, मग बैठं घर, त्यामागे परस आणि परसाच्या टोकाला दोन गाड्यांचं वीस बाय वीसचं गॅरेज. गाड्या बहुधा रस्त्यावरच उभ्या असतात आणि गॅरेजात जुनं सामान. त्या चारशे चौरस फुटांत एक खोली, मोरी आणि ओटा आरामात बसतो. ग्रॅनी फ्लॅट, इन-लॉ युनिट, बॅकयार्ड कॉटेज अशी त्याला नावं अनेक. कायद्यातलं नाव ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट, रोजच्या बोलण्यात एडीयू.

यातली खरी मेख ओट्यात आहे. अनेक शहरांच्या नियमांत स्वतंत्र घर कशाने ठरतं, तर स्वयंपाकघराने. परसात खोली बांधा, तिला न्हाणीघर जोडा, पाहुणे झोपवा. कोणी हरकत घेत नाही. शेगडी आली की ते दुसरं घर झालं, आणि दुसरं घर म्हणजे नियमभंग. त्यामुळे तपासनीस येण्याच्या दिवशी शेगडी कपाटात जाणं आणि तो गेला की परत ओट्यावर येणं, हे अमेरिकेतही चालत आलं आहे.

वास्तविक कॅलिफोर्निया राज्याने १९८२ सालीच कायदा करून शहरांना सांगितलं होतं, की अशा दुसऱ्या घरांसाठी काहीतरी वाट काढा. शहरांनी काढली, पण आपल्या पद्धतीने. २००२ मध्ये राज्याने दुसरा कायदा केला : अर्ज नियमात बसत असेल तर शेजाऱ्यांची जनसुनावणी वगैरे न घेता अधिकाऱ्याने परवाना द्यायचा. शहरांनी तेही मान्य केलं आणि नियमच असे लिहिले, की त्यात कोणी बसू नये. अनेकांच्या पुस्तकात उघड नकार नव्हता.

पॅसाडेनाचं उदाहरण घ्या. तिथे दुसरं घर हवं असेल तर प्लॉट किमान १५ हजार चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास चौदा गुंठ्यांचा असावा अशी अट होती. ज्याच्याकडे चौदा गुंठे आहेत, त्याला परसात भाडेकरू ठेवायची गरज फारशी पडत नाही. ज्याला गरज आहे, त्याचा प्लॉट त्याच्या निम्म्याने.

इतर अटी वरवर पाहता साध्या वाटतात. गॅरेजचं घर करायचं असेल तर गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात त्याच प्लॉटवर दुसरं झाकलेलं पार्किंग बांधा. म्हणजे गॅरेज मोडण्यासाठी आधी गॅरेज उभारा. रस्त्यापासून मागच्या घराच्या दारापर्यंत दहा फूट रुंद मोकळी वाट सोडा. पन्नास फुटी प्लॉटवर पुढचं घर आधीच उभं असताना ती आणायची कुठून? पुढच्या घरात नसले तरी मागच्या घरात आग विझवणारे फवारे बसवा. पाण्याची आणि मैल्याची जोडणी नवी घ्या आणि तिचं शुल्क मोठ्या घराच्या हिशेबाने भरा. शिवाय दोहोंपैकी एका घरात मालकाने स्वतः राहिलंच पाहिजे, आणि तसं कायमचं बंधन जमिनीच्या दस्तावर नोंदवलं पाहिजे. उद्या मालकाची दुसऱ्या गावी बदली झाली तर? ही शंका कर्ज देणाऱ्या बँकांनाही येत असे.

ऑरेगनमधल्या पोर्टलंडने यातली एकच गाठ सोडून पाहिली. २०१० मध्ये तिथल्या महापालिकेने परसातल्या घरांवरचं विकास शुल्क माफ केलं. तोवर वर्षाला जेमतेम काही डझन परवाने निघत; काही वर्षांत ते काहीशेंवर गेले. घर बांधू पाहणारे लोक होतेच, हजारो डॉलरच्या पावतीपाशी थांबलेले.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठातल्या नगरनियोजनाच्या प्राध्यापक कॅरेन चॅपल यांनी स्थानिक रेल्वेच्या पाच स्टेशनांभोवतीच्या वस्त्या अभ्यासल्या. दुसरं घर कितीशा प्लॉटांवर मावेल आणि नियम कितींना आड येतात, हा प्रश्न होता. आड येणाऱ्यांत पार्किंगची अट ठळक होती, आणि तीही चालत स्टेशन गाठता येईल अशा ठिकाणी. चॅपलबाई अहवाल लिहून थांबल्या नाहीत. बर्कलीतल्या स्वतःच्या घराच्या परसात त्यांनी एक छोटं घर बांधूनही घेतलं.

मग २०१६ उजाडलं. घरभाड्यांनी कळस गाठला होता. सेनेटर बॉब विकॉव्स्की आणि असेंब्ली सदस्य रिचर्ड ब्लूम यांची दोन विधेयकं मंजूर झाली आणि १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. सार्वजनिक वाहतुकीपासून अर्ध्या मैलाच्या आत पार्किंगची अट गेली. दहा फुटी वाट गेली. पुढच्या घरात फवारे नसतील तर मागे मागायचे नाहीत, असंही ठरलं. लॉस एंजेलिस शहरात २०१६ मध्ये शंभराच्या आसपास परवाने निघाले होते. २०१७ मध्ये ते दोन हजारांच्या घरात गेले.

शहरांनी मग उरलेल्या अटींचा आधार घेतला, तेव्हा २०१९ मध्ये राज्याने त्याही काढल्या. २०२० पासून किमान प्लॉटची अट लावता येत नाही. गॅरेजचं घर केलं तर बदली पार्किंग मागता येत नाही. बाजूचं आणि मागचं सामासिक अंतर चार फुटांपेक्षा जास्त ठेवायला लावता येत नाही, आणि जुन्या गॅरेजच्या जागेवरच घर होत असेल तर तेवढंही नाही. आठशे चौरस फूट आणि सोळा फूट उंचीपर्यंतचं घर शहराला नाकारताच येत नाही, मग प्लॉटवरच्या बांधकामाच्या प्रमाणाचा स्थानिक नियम काहीही म्हणो. साडेसातशे चौरस फुटांच्या आतल्या घरांना विकास शुल्क माफ. पूर्ण अर्जावर साठ दिवसांत निर्णय. मालकाने तिथेच राहण्याची अट आधी पाच वर्षांसाठी आणि २०२३ च्या कायद्याने कायमची रद्द झाली. सोसायट्यांचीही, म्हणजे तिकडच्या होमओनर्स असोसिएशनची, सरसकट बंदी घालण्याची सोय काढून घेतली गेली.

आठशे चौरस फूट म्हणजे पुण्यातला बरा टू बीएचके. तो परसात मावतो आणि पुढच्या घराच्या खिडकीतली हिरवळही शाबूत राहते, यावरून या प्लॉटांच्या ऐसपैसपणाची कल्पना यावी. पुण्याच्या प्रभात रोडवर बंगल्याच्या जागी इमारत उभी राहते तेव्हा नियम विचारतो तो चटईक्षेत्र निर्देशांक, सामासिक अंतरं आणि समोरच्या रस्त्याची रुंदी. कुटुंबं किती, हा त्याचा पहिला प्रश्न नसतो. आपल्याकडे अमेरिकेच्या जवळ जाणारं उदाहरण चंडीगडचं. तिथल्या जुन्या सेक्टरांमधल्या एकघरी प्लॉटांवरची घरं मजल्यामजल्याने विभागून अपार्टमेंटसारखी करायला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मनाई केली.

राज्याने हात पिरगळला की शहरं किती कल्पक होतात, हे पाहायला वुडसाइडला जावं. सिलिकॉन व्हॅलीच्या डोंगरकुशीतलं हे धनिकांचं गाव. २०२२ च्या जानेवारीत एडीयूच्या नियमांचा भाऊ शोभेल असा ‘एसबी ९’ हा कायदा लागू झाला. एका घराच्या प्लॉटचे दोन तुकडे करायला आणि तिथे दोन-दोन घरं बांधायला त्याने वाट दिली. संरक्षित प्राण्यांच्या अधिवासाला मात्र कायद्यातून सूट होती. वुडसाइडने जाहीर केलं, की अख्खं गाव माउंटन लायनचा अधिवास आहे. गावात टोलेजंग घरं बांधताना या प्राण्याची आठवण कोणाला झाली नव्हती. राज्याचे ॲटर्नी जनरल रॉब बोन्टा यांचं खरमरीत पत्र आलं आणि फेब्रुवारीतच गावाने घोषणा मागे घेतली. माउंटन लायनच्या राहणीत त्याने फरक पडला नाही.

आता राज्यात परवाने मिळणाऱ्या नव्या घरांपैकी साधारण दर पाचवं घर परसातलं असतं. कोण राहतं तिथे? २०२१ मध्ये चॅपल आणि सहकाऱ्यांनी राज्यभर पाहणी केली, तेव्हा निम्म्याच्या आसपास घरं भाड्याने दिलेली आढळली आणि सुमारे सहांतल्या एकात नातेवाईक बिनभाड्याने राहत होते. बांधकाम खर्चाचा मध्यांक तेव्हा दीड लाख डॉलर होता. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात त्याहून जास्त. ही रक्कम ज्याच्या घराची किंमत वर्षानुवर्षं फुगली आहे, तोच सहसा उभी करू शकतो. राज्याच्या गृहवित्त संस्थेने मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या मालकांना चाळीस हजार डॉलरपर्यंत अनुदान दिलं, पण त्या योजनेचे पैसे बघता बघता संपले. करात मात्र मालकाला दिलासा आहे. १९७८ च्या ‘प्रस्ताव १३’मुळे जुन्या घराचं करमूल्य गोठल्यासारखंच असतं, आणि परसात घर बांधलं तर फक्त नव्या बांधकामाची किंमत त्यात मिळवली जाते.

फ्रीमाँट, सनीवेलसारख्या गावांतल्या मराठी घरांतही हा हिशेब होतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी यायचे तेव्हा वरच्या मजल्यावरची खोली चालून जायची. त्यांचं कायमचं येणं ठरलं की जिना आणि संडास हे दोन विषय पुढे येतात. अशा वेळी ज्युनिअर एडीयू उपयोगी पडतं : मूळ घराच्या आतच, जोडलेल्या गॅरेजसह, पाचशे चौरस फुटांपर्यंतचा भाग वेगळ्या दाराने आणि छोट्या ओट्याने स्वतंत्र करायचा. न्हाणीघर सामाईक असलं तरी चालतं. बाबांना सकाळी सहाला चहा करायचा असेल, तर सुनेची झोपमोड होत नाही. नव्या इमारतीचा खर्चही वाचतो.

अटी उठवण्याच्या भरात दोर फार सैल सुटला तर काय होतं, हे सॅन दिएगोने पाहिलं. २०२० मध्ये त्या शहराने बक्षीस योजना आणली : परवडणाऱ्या भाड्याचं एक एडीयू बांधा, बदल्यात बाजारभावाचं आणखी एक बांधायची मुभा घ्या. वाहतुकीच्या मार्गांजवळ या जोड्यांना मर्यादाच नव्हती. आजीच्या खोलीसाठी केलेल्या नियमावर बिल्डरांनी एकेका प्लॉटवर डझनावारी घरांचे प्रस्ताव आणले. शेजारी खवळले. बाकी काही म्हणा, त्यांच्या रागाला या वेळी आधार होता. २०२५ मध्ये महापालिकेने योजनेला कात्री लावली आणि प्लॉटच्या आकारानुसार घरांची संख्या बांधून दिली.

सॅन होजेने वेगळा रस्ता धरला आहे. परसातलं घर भाड्याने देता येतं, पण पुढच्या घरापासून वेगळं करून विकता येत नाही, हा आजवरचा सर्वसाधारण नियम. २०२३ च्या एका कायद्याने शहरांना हवं असल्यास तशी विक्री खुली करायची मुभा दिली आणि २०२४ मध्ये सॅन होजेने ती सर्वांत आधी घेतली. यात प्लॉटचे तुकडे होत नाहीत. पुढचं आणि मागचं घर मिळून दोन मालकांची एक छोटी सोसायटी नोंदवायची, जमीन सामाईक ठेवायची, विमा आणि दुरुस्तीच्या वर्गणीचे नियम लिहून काढायचे, आणि पुढच्या घरावर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आणायची. परसात जायचा बोळ कोणाचा, झाडाची पानं कोणी झाडायची आणि गाडी कुठे लावायची, हे सगळं त्या करारात यावं लागतं.

(पुढील लेखात : पार्किंगची किमान अट कुठून आली?)