गळलेल्या केसांचा हिशोब

मागच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात एकांकिकेतून माझे नाव ऐनवेळी कमी झाले, तेव्हा कारण 'ताप' असे सांगण्यात आले होते. ते खरे नव्हते. ताप त्यापूर्वीच चार महिने येऊन गेला होता. त्या भूमिकेला लांब वेणी हवी होती, आणि माझी वेणी त्या महिन्यात करंगळीएवढी बारीक झाली होती. तालमीच्या खोलीत मी बसून उठले की सतरंजीवर केस दिसत. ते कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून मी आधी उठून झटकत असे. शेवटी जाणेच सोडले. वार्षिकांकासाठी काही लिहून दे, असे मराठीच्या मॅडम म्हणाल्या तेव्हा वाटले, कविता लिहिण्यापेक्षा हा हिशोबच एकदा मांडून टाकावा. आपल्यापैकी कुणाला ना कुणाला तो उपयोगी पडेल.

मला ल्युपस नावाचा आजार आहे. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ लांडगा. आपले रक्षण करणारी शरीरातील यंत्रणा आपल्यावरच उलटते, आणि सांधे, कातडी, मूत्रपिंड, जे समोर येईल त्याला चावते. दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या. हा संसर्गजन्य नाही. तो पूर्ण बरा होत नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो. माझे निदान सेवाग्रामला झाले. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तेथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. आमच्या जामसारख्या गावच्या माणसाला मोठा आजार म्हटला की सेवाग्राम आठवते. सप्टेंबरात मी तेथे खूप तापाने दाखल झाले, पंधरा दिवसांनी बरी होऊन घरी आले, गोळ्या सुरू झाल्या. आणि डिसेंबरात केस गळू लागले.

आता येथेच माझी चूक झाली, आणि ती समजावून सांगण्यासाठीच हा लेख आहे.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. ते सगळे एकाच वेळी वाढत नाहीत. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग सुमारे तीन महिने तो नुसता विसावा घेतो आणि गळून पडतो. त्याच जागी नवा केस उगवतो. कोणत्याही दिवशी शंभरातले दहाएक केस या विसाव्यात असतात. म्हणजे लाखातले दहा हजार. ते तीन महिन्यांत गळायचे, म्हणजे रोजचे शंभरेक झाले. निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस जातात ते असे. शेतातल्या मजुरांनी पाळीपाळीने सुट्टी घ्यावी तसा हा कारभार आहे; काम कधी बंद पडत नाही.

पण जोराचा ताप आला, मोठे ऑपरेशन झाले, बाळंतपण झाले, फार रक्त गेले किंवा माणूस उपाशी राहिला, की शरीर आपली शिल्लक जपून वापरू लागते. केस ही त्याच्या दृष्टीने चैनीची वस्तू. मग एकदम तीस-चाळीस टक्के केसांना सक्तीची सुट्टी मिळते. ते लगेच गळत नाहीत. विसाव्याचे दोन-तीन महिने पुरे करतात, आणि मग सगळे एकत्र गळतात. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराची नीट मांडणी केली आणि त्याला 'टेलोजेन एफ्लुव्हियम' असे जड नाव दिले. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना नाव ठाऊक नसले तरी गोष्ट ठाऊक होती. मुदतीच्या तापानंतर केस जातात आणि पुन्हा येतात, हे माझी आजीही सांगते. कोविडच्या साथीनंतर, २०२० आणि २०२१ मध्ये, कितीतरी घरांत हेच झाले. बरे होऊन दोन-तीन महिने झाल्यावर कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले आणि लोक घाबरले.

म्हणजे आज पडणारा केस हा आजचा निरोप घेऊन येत नाही, तीन महिन्यांपूर्वीचा घेऊन येतो. माझे डिसेंबरातले केस सप्टेंबरच्या तापाने गेले होते. पण मला काय दिसत होते? ताप होता तेव्हा केस शाबूत होते. गोळ्या सुरू झाल्या आणि केस गेले. शेजारच्या काकूंनाही तेच दिसले. "त्या गोळ्यांची गरमी हाय वं, बंद कर," त्या म्हणाल्या. मी जानेवारीत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची गोळी बंद केली. घरी सांगितले नाही. रोज सकाळी गोळी काढून कागदात बांधून ठेवत असे. पुढच्याच महिन्यात बोटे सुजली, सकाळी पापण्या जड होऊ लागल्या, लघवीत प्रथिने सापडली. मूत्रपिंडाला धक्का लागला होता. पुन्हा सेवाग्राम, पुन्हा खाट, आणि या वेळी स्टेरॉइडचा मोठा डोस. कागदाची पुडी आईला उशीखाली सापडली. ती रागावली नाही, नुसती पुडी हातात घेऊन बसून राहिली, तेच जास्त लागले.

नंतर डॉक्टरांनी सांगितले की हा प्रश्न कॅनडात फार पूर्वी तपासला गेला आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आजार शांत असलेल्या रुग्णांपैकी काहींची हीच गोळी चालू ठेवली, काहींची बदलून तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी दिली. ज्यांचे औषध सुटले त्यांच्यात आजार उसळण्याचे प्रमाण सुमारे अडीच पट निघाले. या गोळीसाठी डोळ्यांची तपासणी मात्र ठरल्याप्रमाणे करावी लागते. स्टेरॉइडचे तर त्याहून कडक आहे. ते चालू असताना शरीर स्वतःचे तसले द्रव्य बनवणे कमी करते, त्यामुळे ते एकदम सोडले तर जिवावर बेतू शकते. काही औषधांनी केस जातात हे खरे. कर्करोगावरच्या औषधांनी तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जातात, कारण ती विसाव्यातल्या नव्हे, वाढत्या केसावरच घाव घालतात. म्हणून प्रथम तारखा पाहाव्यात. केस कधी गळू लागले, आणि त्याच्या तीन महिने आधी काय झाले होते, हे कॅलेंडरवर मांडून डॉक्टरांसमोर न्यावे. औषध बदलायचे ते त्यांनी बदलावे.

तारखांचा हा हिशोब आपल्या राज्यातल्या एका मोठ्या प्रकरणालाही लावून पाहता येतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. आधी शांपूवर, मग पाण्यावर, मग बुरशीवर संशय गेला. विंचूदंशावरील संशोधनामुळे सर्वांना ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथे जाऊन तपास केला आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त असल्याचे मांडले. तीन-चार दिवसांचा वेग तीन महिन्यांच्या हिशोबात बसत नाही, त्यामुळे तेथे काहीतरी वेगळे, विषासारखे घडले असावे हे मला आता वाचताना कळते. पण त्या बातम्यांत माझे लक्ष दुसऱ्याच ओळीवर खिळले. मुलींचे शिक्षण अडले आणि ठरलेली लग्ने मोडली, असे छापून आले होते. केस पुन्हा येतात. मोडलेले लग्न परत जुळते की नाही ते कुणी छापत नाही.

स्टेरॉइड सुरू झाल्यावर मी बरी झाले आणि मनाशी हिशोब मांडला: फेब्रुवारी अधिक तीन, मे. केस पुन्हा जाणार. आणि खरोखर मे महिन्यात ते गेले. पण या वेळी मला आधीच माहीत होते, आणि माहीत असण्याने किती फरक पडतो ते सांगता येत नाही. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. पहिल्या खेपेला ती पाहून मी 'मुळासकट गेला' म्हणून रडत असे. ती गाठ मूळ नव्हेच. विसावा पुरा केलेल्या केसाची ती खूण आहे. मूळ कातडीतच राहते. डॉक्टरांनी भिंगातून टाळू पाहिली ती याचसाठी. ल्युपसच्याच दुसऱ्या एका प्रकारात टाळूवर चकत्या येऊन व्रण राहतात आणि तेथे केस परत येत नाहीत. तो प्रकार लवकर ओळखला तर वाचवता येतो. म्हणून टाळूवर लाल, खवलेदार चकती दिसली तर तेले बदलत बसू नये.

तेलांविषयी थोडे. माका, जास्वंद, कांद्याचा रस, बाटलीवर लांबसडक केसांची बाई असलेले महागडे तेल, सगळे करून झाले. त्यांपैकी कशाने केस आले असे मला म्हणवत नाही, कारण जे केस यायचे ते न लावताही आले असते. जाहिरातवाल्यांचे भाग्य असे की या आजारात केस आपोआप परत येतात आणि श्रेय शेवटच्या बाटलीला मिळते. खरा उपयोग झाला तो रक्त तपासून लोहाची उणीव भरून काढल्याचा, आणि डाळ, अंडी, चणे पोटात गेल्याचा. थायरॉइडही तपासावे लागते. रुंद दातांचा कंगवा वापरावा, ओले केस ओढू नयेत, घट्ट वेणी घालू नये. एवढेच.

मेमध्ये मी केस उतरवायचे ठरवले. अर्धे गेलेले डोके रोज पाहण्यापेक्षा ते बरे वाटले. आई तयार झाली, आजी होईना. "बाईच्या जातीचे केस असे उतरवत नाही वं माय," असे म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. मला प्रथम ते अंधश्रद्धेचे वाटले. मग तिने सांगितले की लहानपणी त्यांच्या वाड्यात आलवण नेसलेली एक म्हातारी होती, दर महिन्याला मागच्या दाराने न्हावी येई, आणि त्या दिवशी ती कुणाशी बोलत नसे. आजीच्या डोळ्यांपुढे माझे डोके नव्हते, ते डोके होते. इतिहासाच्या तासाला आपण शिकलो की १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला. परीक्षेत मी ते दोन ओळींत लिहिले होते. आमच्या घरी बाबांची हजामत करायला येणाऱ्या काकांनी यंत्र हातात घेऊन थांबून आजीकडे पाहिले, तेव्हा त्या दोन ओळींचा अर्थ लागला. आजी बाहेर आली आणि स्वतः माझ्या खांद्यावर टॉवेल टाकून उभी राहिली.

उन्हाळा फार सोपा गेला. आमच्या जाम चौकात नागपूरचा रस्ता फुटतो, एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, एक वरोऱ्याकडून चंद्रपूरला. मे महिन्यात त्या चौकात बसची वाट पाहणारी प्रत्येक पोरगी डोके, तोंड, मान सगळे दुपट्ट्याने गुंडाळून उभी असते. फक्त डोळे दिसतात. त्या गर्दीत मी इतरांसारखीच होते. ल्युपसमध्ये ऊन बाधते, त्यामुळे दुपट्टा मला औषधासारखाही होता. नागपुराहून विग आणून पाहिला, पण वर्ध्याच्या उन्हात त्याच्या आत घाम साचून टाळू खाजे, म्हणून तो खोक्यात गेला. खरी अडचण जूनमध्ये झाली. पाऊस आला, सगळ्यांचे दुपट्टे सुटले, आणि माझे डोके उघडे पडले.

चौकात पहिल्याच दिवशी एका ओळखीच्या बाईने विचारले, "काऊन वं पोरी, बालाजीले गेल्ती का?" आपल्याकडची पुष्कळ माणसे तिरुपतीला जाऊन केस देऊन येतात, बायकाही. मी 'हो' म्हणाले. तिने लगेच हात जोडले आणि प्रसाद मागितला. महिनाभर हे उत्तर मी चालवले आणि ते फार सोयीचे होते. पण दुसरीकडे कुजबूजही चालू होती. एकीने आईला विचारले, पोरीला महारोग तर नाही? आमच्या जिल्ह्याने तरी हा प्रश्न असा विचारू नये. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी कुष्ठरुग्णांसाठी १९३६ साली काम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात गांधीजी परचुरेशास्त्रींची सेवा स्वतःच्या हाताने करीत. वरोऱ्याला आनंदवन आहे. कुष्ठरोगात बहुधा भुवया विरळ होतात, डोक्याचे केस सहसा जात नाहीत, आणि तो रोगही औषधाने पूर्ण बरा होतो. हे सगळे मी त्या बाईंना जाऊन सांगितले. त्यांनी चहा दिला. कपात, पेल्यात नाही, हे मी लक्ष ठेवून पाहिले.

त्यानंतर मी बालाजीचे उत्तर बंद केले. आजाराचे नाव सांगू लागले. काहींना कळले नाही, काहींनी विषय बदलला. दोघी मात्र वेगळ्या निघाल्या. आपल्याच महाविद्यालयातल्या, त्यांची नावे मी लिहिणार नाही. एकीचे केस थायरॉइडने जात होते आणि ती दोन वर्षे तेल बदलत होती. दुसरीने माझ्यासारखीच गोळी बंद केली होती. तिला मी त्याच दुपारी बसमध्ये बसवून सेवाग्रामला नेले.

सप्टेंबरात गळणे थांबले. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. आता पट्टीने मोजले तर कपाळाजवळ पाच भरतात, मागे सहा, आणि ते पूर्वीपेक्षा थोडे कुरळे आले आहेत. आजी रोज रात्री बोटे फिरवून पाहते आणि आईला आकडा सांगते. यंदाच्या एकांकिकेत मी पोस्टमनचे काम करते आहे. त्याला वेणी लागत नाही.