खण बंद असतानाच झिजतो

हार्डवेअरच्या दुकानात खण ज्यावर सरकतो ते टेलिस्कोपिक चॅनल मागितलं की दुकानदार दोनच गोष्टी विचारतो: किती इंची आणि किती किलोचं. घरातल्या कपाटासाठी एवढं पुरतं. पण मुंबईत सांताक्रूझ पश्चिमेला काय किंवा वाकोला-कलिन्यात काय, गाडीच्या मागच्या भागात खण बसवून घेणारे लोक आहेत. एसी दुरुस्तीवाल्याची व्हॅन, केटररचा टेम्पो, लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्याची गाडी, सुट्टीत कोकणात उतरायला सजवलेली कॅम्पर. या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: किलोचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

तो आकडा येतो हलत नसलेल्या जमिनीवरच्या चाचणीतून. खणात वजन सारखं पसरलेलं, चॅनल बाजूला उभं बसवलेलं, आणि मग हजारो वेळा उघड-बंद. पाकिटावरचे किलो दोन्ही बाजूंच्या जोडीचे असतात, एका पट्टीचे नव्हेत. तेच चॅनल खणाच्या तळाशी आडवं झोपवलं तर त्याची ताकद पार घसरते; चौथा हिस्सा उरला तरी नवल नाही. घरातलं नेहमीचं चॅनल ४५ मिलिमीटर उंच असतं, ३५ ते ४५ किलो पेलतं आणि खणाच्या प्रत्येक बाजूला १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच जागा मागतं. गाडीसाठी मिळणारं जड चॅनल साधारण ७६ मिलिमीटर उंच आणि १९ मिलिमीटर जाड असतं, आणि त्यावर अनेकदा २२७ किलो लिहिलेलं असतं. हा अडनिडा आकडा ५०० पौंडांचा.

आता तरफेचा हिशोब करू. ९०० मिलिमीटर खोल खणात ८० किलोची हत्यारं सारखी पसरली आहेत आणि खण पूर्ण बाहेर ओढला आहे. भाराचा मध्य गाडीच्या कडेपासून ४५० मिलिमीटर बाहेर अधांतरी राहतो. आतल्या पक्क्या पट्टीत, खण ज्यांवर गडगडतो त्या छर्ऱ्यांची पकड ३०० मिलिमीटर उरली असेल, तर मागच्या टोकाचे छर्रे १२० किलोच्या जोराने वर रेटतात आणि पुढच्या टोकाला २०० किलो खाली दाबतात. ८० किलोचे २०० झाले! पकड २०० मिलिमीटरवर आली तर पुढच्या टोकाचा भार २६० किलोवर जातो. म्हणून दुकानात चॅनल पूर्ण उघडायला लावावं आणि आत किती पट्टी उरते ते बोटाने मोजावं. खण हातभर कमी उघडला तरी काम भागत असेल, तर पूर्ण उघडणाऱ्या चॅनलचा हट्ट धरू नये.

इतकं करूनही मुख्य धोका टळत नाही. गाडीतला खण उघडा असतो दिवसातून काही मिनिटं, आणि तेव्हा गाडी उभी असते. उरलेला सगळा वेळ तो बंद असतो आणि खड्ड्यांतून आदळत असतो.

धातूची कठीणता मोजण्यासाठी स्वीडनचे अभियंते योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली एक पद्धत मांडली: पोलादाची कडक गोळी ठरलेल्या भाराने धातूवर दाबायची आणि उमटलेला खळगा मोजायचा. चॅनलमध्ये नेमकं हेच, नको असताना घडतं. गाडी खड्ड्यात आदळली की खणाचं वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट होतं, आणि मागच्या चाकांच्याही मागे बसवलेल्या खणाला हा दणका जास्त लागतो. छर्रे आपल्या मार्गात खळगे पाडतात; हे ब्रिनेलिंग.

याहून फसवा एक प्रकार आहे. अमेरिकेत लांबवर पाठवलेल्या नव्याकोऱ्या मोटारींच्या चाकांची बेअरिंग गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधीच खराब झालेली सापडायची. चाक फिरलेलंच नाही, मग झीज कसली? जे. ओ. आल्मेन यांनी १९३७ साली याचं वर्णन केलं. प्रवास जितका लांबचा तितकं नुकसान जास्त, आणि ऋतूप्रमाणेही फरक पडत होता. कारण होतं वाटेतली बारीक थरथर. छर्रा एकाच जागी केसभर मागे-पुढे हलत राहतो. त्याच्या खालचं ग्रीस बाजूला सरकतं आणि परत येत नाही, कारण ते परत पसरायला छर्रा पुरेसा गडगडतच नाही. धातूला धातू घासतो, सुटलेले कण गंजतात, आणि हे कठीण कण पुढची झीज आणखी वेगाने करतात. याला खोटं ब्रिनेलिंग म्हणतात, कारण खळगे दिसतात ब्रिनेलसारखे, पण भाराने दबून झालेले नसतात. बंद खणाचे छर्रेही रोज त्याच जागी थांबतात.

उपाय आहे, आणि तो चॅनलमध्ये नसून खणाच्या खाली आहे. बंद होताना खणाचा तळ नायलॉनच्या उतरत्या ठोकळ्यांवर किंचित चढावा, पुढे दोन आणि मागे दोन, म्हणजे चालत्या गाडीत भार ठोकळ्यांवरून थेट सांगाड्यात उतरेल आणि छर्रे मोकळे राहतील. चांगल्या फॅब्रिकेटरला हे अजिबात अवघड नाही. दुसरी वाट म्हणजे बारीक छर्ऱ्यांचं चॅनल सोडून अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चालणारी मोठी बेअरिंगची चाकं वापरणं. चाकं मोजकी असतात, खराब झालं तर एकेक बदलता येतं, आणि लाल माती शिरली तरी ती छर्ऱ्यांइतकी अडत नाहीत.

कुलपाच्या बाबतीत तडजोड नको. कशेडीसारख्या घाटात दहाला एक चढ लागला तर मागे उघडणाऱ्या ६० किलोच्या खणाला बाहेर ओढणारा जोर सुमारे ६ किलोचा असतो. सॉफ्ट क्लोज किंवा रबरी खाच तो रोखू शकत नाही. आतही लॉक आणि पूर्ण उघडल्यावरही लॉक, असंच चॅनल घ्यावं. नाहीतर उतारावर उभ्या गाडीत उघडलेला खण आपोआप परत येतो आणि बोटं चिरडतो. कुलपाचं मोल कळायला एक उदाहरण घ्या. कलिन्यात राज्याचं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे आणि राज्याने त्यासाठी फिरत्या व्हॅनही आणल्या. रसायनं आणि पुराव्याच्या पिशव्या वाहणाऱ्या अशा कोणत्याही गाडीत एक खण सुटणं किती महागात पडेल, याचा विचार करावा.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. बोल्टने बसवून परत काढता येणारी चौकट आणि कापून-जोडून बदललेली गाडी यांत मोठं अंतर आहे; आसनं काढण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. जड चॅनलच्या जोडीचंच वजन काही किलो भरतं, तेही गाडीच्या क्षमतेतून वजा धरावं.

राहिला गंज. सांताक्रूझच्या वेधशाळेने २६ जुलै २००५ ला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. तो दिवस अपवादाचा होता, पण मिलन सबवेत पाणी तुंबणं अपवादाचं नाही, आणि जुहूकडून येणारी खारी हवा तर बारा महिने आहे. चॅनलवरचा जस्ताचा थर स्वतः झिजून पोलादाला वाचवतो. मात्र छर्ऱ्यांच्या मार्गात तो थर घासला जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून स्टेनलेस घ्यावं, असं सगळे सांगतात. पण ३०४ जातीचं स्टेनलेस उष्णता देऊन कडक करता येत नाही, त्यामुळे त्यात खळगे लवकर पडतात, आणि खाऱ्या हवेत तेही ठिपक्याठिपक्यांनी गंजतं. जड हत्यारांच्या व्हॅनला मी जस्ताचं चॅनलच सुचवेन, गाडीच्या तळापासून चार बोटं वर बसवलेलं. भांडी आणि कपडे नेणाऱ्या हलक्या कॅम्परला स्टेनलेस चालेल.

पावसाळा संपला की खण रिकामा करून अगदी सावकाश ओढावा. सुरुवातीच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये ठरावीक अंतरावर हाताला खडखड जाणवली, किंवा मार्गात तपकिरी भुकटी दिसली, तर नवं ग्रीस भरून खळगे भरत नाहीत. एकाच बाजूला दिसलं तरी जोडीच बदलावी, कारण नवी आणि झिजलेली पट्टी एकत्र चालवली की खण तिरका होतो आणि सगळा भार नव्या पट्टीवर येतो.