मिडवेचे उंदीर आणि अल्बट्रॉसची मोजदाद

अभयारण्यात नोकरी करणारा जीवशास्त्रज्ञ दिवसभर काय करतो, असे वर्गात विचारले तर मुले सांगतात : प्राण्यांना वाचवतो, आजारी प्राण्यांना औषध देतो, फोटो काढतो. आपल्याकडे अभयारण्य म्हटले की वनरक्षक आणि वनक्षेत्रपाल डोळ्यांपुढे येतात. जीवशास्त्रज्ञ सहसा येत नाही. अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांवर मात्र ‘पर्यवेक्षक वन्यजीव जीवशास्त्रज्ञ’ असे वेगळे पदच असते. त्याच्यावर आश्रयस्थानाचा व्यवस्थापक आणि हाताखाली काही जीवशास्त्रज्ञ, तंत्रज्ञ व स्वयंसेवक. काय मोजायचे, केव्हा आणि कसे मोजायचे हे तो ठरवतो आणि आकडे हाती आले की आता काय करायला हवे ते व्यवस्थापकाला सांगतो. ऐकायला हे काम रुक्ष वाटते. पण आकडे अजून काहीच बोलत नाहीत आणि निर्णय तर घ्यायला हवा, अशी वेळ आली की या माणसाची खरी परीक्षा होते. मिडवे बेटावर २०१५ साली अशी वेळ आली.

मिडवे हे उत्तर पॅसिफिक महासागरातील एक कंकणद्वीप. प्रवाळाचे कडे आणि त्याच्या आत तीन सपाट वालुकामय बेटे. होनोलुलूपासून वायव्येला सुमारे दोन हजार किलोमीटरवर ते आहे. इतिहासाच्या शिक्षकांना हे नाव जून १९४२ च्या आरमारी लढाईमुळे माहीत असेल. पुढे पन्नासएक वर्षे तिथे अमेरिकी नौदलाचा तळ होता. तो बंद झाल्यावर १९९६ मध्ये बेटांचा कारभार मत्स्य व वन्यजीव सेवा या खात्याकडे आला. धावपट्टी, जुन्या इमारती आणि गोदामे तशीच राहिली, आणि त्यांच्या मधल्या जागेत, अंगणात, रस्त्याच्या कडेला, जिथे हातभर जागा मिळेल तिथे लेसन अल्बट्रॉस पक्ष्यांची घरटी. जगातील या जातीचे सुमारे सत्तर टक्के पक्षी इथेच अंडी घालतात. अल्बट्रॉसच्या हंगामात विमान शक्यतो रात्री उतरवतात, कारण दिवसा आकाशात पक्ष्यांची इतकी गर्दी असते की टक्कर ठरलेलीच. जमिनीवरही जपून चालावे लागते. बोनिन पेट्रेल नावाचे छोटे समुद्रपक्षी वाळूत बिळे करतात आणि बेसावध पाऊल गुडघ्यापर्यंत आत जाते.

दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास इथे घरट्यांची मोजणी होते. स्वयंसेवकांच्या छोट्या तुकड्या बेटाचा एकेक भाग वाटून घेतात, रांगेने चालतात, घरटे दिसले की हातातील गणकयंत्राची कळ दाबतात. मोजलेल्या घरट्याजवळ रंगाची खूण करतात, म्हणजे तेच पुन्हा मोजले जात नाही. डिसेंबरच का? तोवर बहुतेक सर्व जोड्यांनी अंडी घातलेली असतात आणि फारशी अंडी वाया गेलेली नसतात. एक घरटे, एक अंडे, एक जोडी असा सरळ हिशेब तेव्हाच लागतो.

हिशेब सरळ असला तरी त्याचा अर्थ सरळ नाही. लेसन अल्बट्रॉसच्या घरट्यांचा आकडा एखाद्या वर्षी चार लाखांच्या खाली असतो, तर एखाद्या वर्षी सहा लाखांच्या वर. पक्षी मेले किंवा जन्मले म्हणून एवढा फरक पडत नाही. प्रत्येक जोडी दरवर्षी अंडे घालत नाही, एवढेच. समुद्रात अन्न कमी मिळाले तर पक्षी त्या वर्षी विश्रांती घेतात. म्हणजे घरटी मोजली तरी पक्षी मोजले असे होत नाही. पक्षी किती जगतात हे कळायला पायात कडी घालून तोच पक्षी वर्षानुवर्षे ओळखावा लागतो. १९५६ साली चँडलर रॉबिन्स या पक्षीशास्त्रज्ञांनी इथे एका मादीच्या पायात कडे घातले. २००२ मध्ये त्यांनीच बऱ्याच पक्ष्यांबरोबर तिलाही पुन्हा पकडले आणि जुनी नोंद तपासल्यावर ती तीच असल्याचे लक्षात आले. तिचे नाव ‘विज्डम’. २०२४ च्या अखेरीस, वयाच्या सुमारे चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिने पुन्हा अंडे घातले!

आता २०१५ कडे वळू. त्या वर्षाच्या अखेरीस घरट्यांमधून फिरणाऱ्या मंडळींना अंड्यांवर बसलेल्या काही पक्ष्यांच्या मानेवर आणि पाठीवर रक्ताळलेल्या जखमा दिसल्या. काही पक्षी मेलेले होते. हे कोणी केले? बेटावर कुत्री नाहीत, मांजरे नाहीत. युद्धकाळात जहाजांतून आलेले काळे उंदीर १९९० च्या दशकात पूर्णपणे नष्ट केले होते. रात्री आपोआप छायाचित्रे घेणारे कॅमेरे घरट्यांजवळ लावले आणि उत्तर मिळाले : आपल्या धान्याच्या कोठीत सापडतो तो छोटा उंदीर. फार तर वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा. त्याने दोन-तीन किलोच्या पक्ष्याला जिवंतपणीच कुरतडले होते.

पक्षी उठून का गेला नाही? आम्हालाही आधी हाच प्रश्न पडला. पण ज्या बेटांवर ही जात घडली तिथे जमिनीवर चालणारा, चावणारा शत्रू कधीच नव्हता. अंडे सोडले तर ते वाया जाणार, हे मात्र पिढ्यान्पिढ्या खरे होते. त्यामुळे बसून राहणे हीच त्याची उपजत रीत. तीच इथे घातक ठरली.

पुढच्या हंगामात हल्ले अनेक ठिकाणी पसरले. दोनशेहून अधिक प्रौढ पक्षी मेले, हजाराहून अधिक चावले गेले, शेकडो घरटी ओस पडली. आता पर्यवेक्षकाच्या जागी आपण आहोत असे समजा. चार-सहा लाख घरटी, त्यांत दरवर्षी लाखालाखाची चढउतार. त्यात दोनशे-अडीचशे मृत्यू दिसणार कुठे? वार्षिक मोजणीत त्यांचा मागमूसही लागणार नाही. आणि तो लागेपर्यंत थांबायचे ठरवले तर तोवर काय झालेले असेल?

इथे साधे अंकगणित कामी येते. (पुढचे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत, वर्गात फळ्यावर मांडायला सोपे.) शंभर प्रौढ पक्ष्यांपैकी वर्षाला पाच मरत असतील, तर एका पक्ष्याला सरासरी वीस वर्षांचे प्रौढ आयुष्य मिळते. पाचाऐवजी दहा मरू लागले तर दहा वर्षे. जगणाऱ्यांचे प्रमाण ९५ वरून ९० वर आले, म्हणजे फारसे काही बिघडले नाही असे वाटते. प्रत्यक्षात आयुष्य निम्मे झाले. हा पक्षी आठव्या-नवव्या वर्षाच्या सुमारास प्रथम अंडे घालतो, तेही एकच. जोडीदार मेला तर नवा जोडण्यात आणखी काही वर्षे जातात. आता याच्या शेजारी दुसरी घटना ठेवू. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत मिडवे परिसरात सुमारे एक लाख दहा हजार पिल्ले वाहून गेली. मन सुन्न करणारा आकडा. पण ज्या पक्ष्याला वीस हंगाम मिळणार आहेत त्याचा एक हंगाम बुडाला, आई-बाप बहुतांशी वाचले. म्हणून जीवशास्त्रज्ञाला त्सुनामीपेक्षा उंदरांची भीती अधिक वाटली.

उंदीर अनेक दशके तिथे होते. मग हल्ले आताच का? काळे उंदीर गेल्यावर छोट्या उंदरांना खाणारा आणि अन्नासाठी त्यांच्याशी झगडणारा कोणी उरला नाही, हे कारणांपैकी एक असावे. अन्नाची टंचाई हे दुसरे संभाव्य कारण. म्हणजे काळे उंदीर नष्ट केले ही चूक होती काय? आमच्या मते मुळीच नाही. ते गेल्यानंतरच बोनिन पेट्रेल काही हजारांवरून लाखांच्या घरात गेले.

हल्ल्याच्या जागी सापळे आणि आमिष ठेवून हल्ले आटोक्यात आले, पण हा उपाय दरवर्षी करत राहावा लागणार. म्हणून सँड आयलंड या सुमारे साडेचार चौरस किलोमीटरच्या बेटावरील सगळे उंदीर संपवायचे ठरले. ब्रोडिफॅकूम हे विष निवडले गेले. रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने तयार करताना यकृताला क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व लागते (मुलांचा इथे हमखास घोटाळा होतो). हे विष वापरलेले ‘के’ पुन्हा कामाला येऊ देत नाही. मृत्यू काही दिवसांनी येतो, त्यामुळे आमिष आणि मरण यांचा संबंध उंदराच्या ध्यानात येत नाही. पण पक्ष्यांचे रक्तही याच रीतीने गोठते. किड्यांवर या विषाचा फारसा परिणाम होत नाही, मात्र आमिष खाल्लेला किडा पक्ष्याने खाल्ला की विष पक्ष्यात जाते. बेटावर लेसन बदके आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात जेमतेम डझनभर पक्ष्यांवर आली होती. २००४ व २००५ मध्ये लेसन बेटावरून ४२ बदके आणून इथे त्यांची दुसरी वस्ती केली होती. उंदरांपायी ती गमवायची काय?

म्हणून वेळ महत्त्वाची. जुलैत अल्बट्रॉस आणि त्यांची पिल्ले समुद्रावर गेलेली असतात. सोनेरी टिटवीसारखे बरेचसे पाहुणे पक्षी अलास्काकडे असतात. राहतात ती बदके; त्यांना शक्य तितके विषापासून दूर ठेवायचे. २०२० ची मोहीम कोविडच्या साथीमुळे लांबली आणि जुलै २०२३ मध्ये हेलिकॉप्टरने आमिष टाकले गेले. उंदराचा वावर काही मीटरांपुरताच असतो, त्यामुळे एकही कोपरा सुटून चालत नाही. इमारतींचे पोटमाळे, गटारे, पाइपांच्या पोकळ्या या सगळ्या ठिकाणी माणसांनीच पोचायचे. नव्व्याण्णव टक्के यश इथे अपयशच असते. एक गाभण मादी उरली तरी पुरे.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत बेटावर पुन्हा उंदीर दिसले. दक्षिण अटलांटिकमधील गॉफ बेटावर २०२१ मध्ये असेच घडले होते. अशा वेळी पहिला प्रश्न असतो : हे उंदीर वाचलेले की जहाजातून नव्याने आलेले? मोहिमेपूर्वी पकडलेल्या उंदरांच्या शेपटीचे तुकडे जपून ठेवले असतील तर त्यांचा डीएनए नव्या उंदरांशी ताडून पाहता येतो. दोन्ही जुळले, तर आमिष कुठे पोचले नाही याचा नकाशा घेऊन बसायचे; जुळले नाहीत, तर धक्क्यावर उतरणारी खोकी तपासायची.