गाडीची बाजूची काच फुटली? क्लेम करण्याआधी हा हिशोब एकदा मांडा

ऊसतोडणी सुरू झाली की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. पुढच्या चाकाखालून खडा उडतो आणि मागच्या गाडीच्या काचेवर येऊन बसतो. यात्रेत, लग्नात, बाजारच्या दिवशी उभ्या गाडीची काच फोडून सीटवरची पिशवी उचलली जाते. कधी आळीतल्या पोरांचा चेंडू येतो, तर कधी उन्हाळ्यात गारपीट होते. कारण काहीही असो, मालकाचा पहिला प्रश्न एकच असतो : "इन्शुरन्समध्ये बसेल का?"

बसेल की नाही, हे तुमच्या पॉलिसीवर आहे. पण त्याच्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. बसत असलं तरी क्लेम करावा का? एका बाजूच्या काचेसाठी बऱ्याच वेळा उत्तर "नको" असंच येतं. कसं ते आकड्यांनी बघू. त्याआधी फुटलेल्या काचेचं काय करायचं ते समजून घेऊ.

काच फुटल्या फुटल्या काय करायचं

आधी मोबाईल काढा आणि फोटो घ्या. गाडीचा नंबर दिसेल असा एक, फुटलेल्या खिडकीचा जवळून एक, आत पडलेल्या काचांचा एक आणि गाडी जिथे उभी आहे त्या जागेचा एक. काचा झाडल्यावर पुरावा राहत नाही.

त्या खिडकीचं बटण किंवा हँडल फिरवू नका. दाराच्या आत काचेचे तुकडे पडलेले असतात. ते काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेत अडकले तर काचेच्या खर्चात आणखी एक खर्च वाढतो. दार जोरात आपटू नका, उरलेली काच अंगावर येते. हातमोजे घालून मोठे तुकडे काढा. लहान मुलांना त्या सीटवर बसवू नका, कारण बारीक कण सीटच्या शिवणीत राहतात.

लगेच काच मिळणार नसेल तर जाड प्लास्टिकचा कागद लावा. चिकटपट्टी रंगावर थेट लावली आणि गाडी उन्हात राहिली तर काढताना रंगाला डाग पडतो. म्हणून कागद दाराच्या फटीतून आत घेऊन दार लावावं आणि चिकटपट्टी आतल्या बाजूने मारावी. पावसाचे दिवस असतील तर हे त्याच दिवशी करा. दारातल्या बटणांत पाणी गेलं की ती खराब होतात.

ही काच जोडता येत नाही

पुढची मोठी काच आणि बाजूची काच वेगळ्या जातीच्या असतात. पुढच्या काचेत दोन थर असून मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. त्यामुळे तिला तडा गेला तरी ती जागेवर धरून राहते. छोटा टवका असेल तर तो भरूनही मिळतो. बाजूची काच मात्र बहुतेक गाड्यांत तापवून कडक केलेली असते. ती फुटली की तिचे ज्वारीच्या दाण्यासारखे बारीक, बोथट तुकडे होतात. माणूस कापला जाऊ नये म्हणूनच ती तशी बनवलेली असते. पण याचा अर्थ असा की तिची दुरुस्ती होत नाही, बदलावीच लागते. "जोडून देतो" असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

तुमची पॉलिसी नक्की कोणती?

गावाकडे सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. "माझा इन्शुरन्स आहे" एवढं पुरत नाही. पॉलिसीचा कागद किंवा मोबाईलमधली पीडीएफ उघडा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, पॉलिसी फक्त थर्ड पार्टी आहे का? कायद्याने एवढीच सक्तीची आहे. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ती भरून देते. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या काचेला तिच्यातून एक रुपया मिळत नाही. गाडी जुनी झाली की बरेच जण पैसे वाचवायला एवढीच पॉलिसी घेतात. ती असेल तर काच खिशातून बसवायची, विषय संपला.

दुसरी गोष्ट, 'ओन डॅमेज' हा भाग चालू आहे का? ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो त्यात थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज असे दोन भाग असतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कार घेताना थर्ड पार्टी एकदम ३ वर्षांची घ्यावी लागते. पण तिच्यासोबतचा ओन डॅमेज भाग बऱ्याच वेळा १ वर्षाचाच असतो. कागदावर ३ वर्षांची तारीख दिसते, म्हणून मालक निवांत राहतो आणि दुसऱ्या वर्षी स्वतःच्या गाडीचं संरक्षण संपलेलं असतं. काच फुटल्यावर हे कळून उपयोग नाही. आज, काच शाबूत असतानाच, दोन्ही तारखा वेगवेगळ्या तपासा.

तिसरी गोष्ट, गाडीचा वापर. पॉलिसी खाजगी वापराची आणि गाडी वडापला, असं असेल आणि भाडं मारताना काच फुटली, तर कंपनी क्लेम नाकारू शकते.

ओन डॅमेज चालू असेल तर अपघात, चोरी किंवा चोरीचा प्रयत्न, दंगल, कोणी मुद्दाम केलेली तोडफोड, गारपीट, वादळ, पूर, दरड ही सगळी कारणं त्यात येतात. म्हणजे उडालेला खडा, पोरांचा चेंडू, फोडलेली काच, सगळं बसतं. गाडीतून चोरीला गेलेला मोबाईल, रोख रक्कम, कागदपत्रांची बॅग मात्र साध्या पॉलिसीत बसत नाही. काचेचे पैसे मिळतील, पिशवीतल्या ऐवजाचे नाहीत.

आता खरा हिशोब

काचेबाबत एक चांगली गोष्ट आहे. गाडीच्या इतर भागांवर क्लेममध्ये घसारा कापतात. रबर आणि प्लास्टिकवर तो ५० टक्के असतो. काचेवर घसारा शून्य आहे. गाडी आठ वर्षांची असली तरी काचेची किंमत घसारा न कापता धरतात. त्यामुळे नुसत्या काचेसाठी 'झिरो डेप'चा वेगळा फायदा नाही. काचेभोवतीचं रबर किंवा प्लास्टिक बदललं तर त्याला तो होतो.

पण दोन ठिकाणी पैसे जातात.

एक म्हणजे कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुमच्या वाट्याची सक्तीची रक्कम. १५०० सीसीपर्यंतच्या कारला ती साधारण १,००० रुपये आणि त्यापुढच्या कारला २,००० रुपये असते. हप्ता कमी व्हावा म्हणून तुम्ही 'व्हॉलंटरी डिडक्टिबल' घेतलं असेल तर तेही यात वाढतं.

दुसरं म्हणजे नो क्लेम बोनस, म्हणजेच एनसीबी. एक वर्ष क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक क्लेम केला की ही शिडी खाली कोसळते आणि पुन्हा शून्यापासून चढावी लागते. क्लेम २,५०० रुपयांचा असो की दोन लाखांचा, बोनस तेवढाच जातो.

उदाहरण घेऊ. समजा काच, रबर आणि मजुरी मिळून बिल ३,५०० रुपये झालं. १,००० रुपये तुमचे. कंपनीकडून जास्तीत जास्त २,५०० मिळतील. समजा तुमचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० रुपये आहे आणि सध्या ३५ टक्के एनसीबी आहे.

क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये सूट. क्लेम केला तर शून्य. पहिल्याच वर्षी ३,६०० रुपये गेले. मिळाले होते २,५०० !

हे इथेच थांबत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी २० टक्के मिळतील, म्हणजे २,४०० रुपये कमी. मग २५ टक्के मिळतील, २,००० कमी. मग ३५ टक्के, १,२०० कमी. मग ४५ टक्के, ४०० कमी. त्यानंतर गाडी पुन्हा ५० टक्क्यांवर येते. सगळं मिळून ९,६०० रुपये. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा मूळ हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. पण अडीच हजारांसाठी त्याच्या कितीतरी पट रक्कम जाते हे खरं.

तुमच्या गाडीचा हिशोब असाच करा. पॉलिसीत ओन डॅमेजचा हप्ता आणि एनसीबीची टक्केवारी छापलेली असते. पुढच्या एका वर्षाची सूट आणि हातात येणारी रक्कम एवढी तुलना केली तरी निम्मं चित्र स्पष्ट होतं.

क्लेम करणं कधी परवडतं? गारपिटीत सगळ्या काचा आणि पत्रा गेला असेल तर. काचेसोबत दार आणि आरसाही गेला असेल तर. महागड्या गाडीची काच असेल तर. एनसीबी आधीच शून्य असेल आणि बिल मोठं असेल तर. काही जणांनी जादा हप्ता भरून 'एनसीबी प्रोटेक्ट' घेतलेलं असतं. त्यात ठरावीक क्लेमनंतरही बोनस राहतो. पॉलिसीत ती ओळ आहे का ते बघून घ्या.

क्लेम करायचा ठरला तर

काच बसवण्याआधी कंपनीला कळवा. हा क्रम उलटा झाला तर अडचण येते, कारण कंपनीला नुकसान बघायचं असतं. पॉलिसीवरच्या टोल फ्री नंबरला फोन करा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. काचेसारख्या छोट्या कामात कंपन्या बऱ्याचदा मोबाईलवरच फोटो किंवा व्हिडिओ मागवून पाहणी करतात.

आरसी, पॉलिसी, गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स, भरलेला क्लेम फॉर्म, कामाचं अंदाजपत्रक आणि बँक खात्याचा तपशील तयार ठेवा. कंपनीशी जोडलेल्या गॅरेजमध्ये कॅशलेस होतं, तिथे तुमच्या वाट्याचेच पैसे भरायचे. दुसरीकडे काम केलं तर आधी खिशातून भरावे लागतात, म्हणून जीएसटीचं पक्कं बिल घ्या. कोऱ्या कागदावरच्या पावतीवर पैसे मिळत नाहीत.

चोरी किंवा तोडफोड असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. अदखलपात्र नोंद झाली तरी तिची प्रत मागून घ्या.

घटना आहे तशीच सांगा. "चेंडू लागला म्हणू नका, खडा लागला म्हणा" असले सल्ले देणारे भेटतात. माहिती खोटी निघाली तर हक्काचा क्लेमही जातो.

काच बसवताना काय बघायचं

कंपनीचं वर्कशॉप आणि शहरातलं काचेचं दुकान, दोन्हीकडे दर विचारा. विचारताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि कोणतं दार ते सांगा. काच, रबर आणि मजुरी यांचा दर वेगवेगळा मागा.

नवीन काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा क्रमांक छापलेला आहे का ते बघा. रंगाची छटा बाकीच्या काचांशी जुळली पाहिजे. दाराच्या आतले सगळे तुकडे काढायला सांगा आणि तुमच्यासमोर काढून घ्या. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. तुकड्यांनी ती बुजली तर आत पाणी साठून पत्रा गंजतो.

काम झाल्यावर काच पाच-सहा वेळा वर-खाली करून बघा. मग बाहेरून पाणी मारा आणि आत येतं का ते तपासा. पैसे त्यानंतर द्या.

दुकानदार काळी फिल्म लावायचा आग्रह करेल. नियमाप्रमाणे बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मबद्दल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कडक आदेश दिला होता आणि पोलीस दंड करतात. हा खर्च टाळलेला बरा.

क्लेम नाकारला तर

कारण लेखी मागा. पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं पुण्यात आणि मुंबईत आहेत. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो.

आजच पाच मिनिटं काढून पॉलिसी उघडा. ओन डॅमेजची शेवटची तारीख, त्याचा हप्ता आणि एनसीबीची टक्केवारी, हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. ओन डॅमेज संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर क्लेम न करताही साठवलेला बोनस जातो. हे तीन आकडे हाताशी असले की काच फुटेल त्या दिवशी एजंटाला फोन लावण्याआधीच क्लेम करायचा की नाही, हे तुम्हाला ठरवता येईल.